उन्हाचा अंदाज रोज मिळतो, ओझोनचा कोण सांगणार?

तापीकाठ (जळगाव) | १२ एप्रिल, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. माझी मुलगी ११ वर्षांची असून तिला लहानपणापासून दमा आहे. तिला धावण्याची मनापासून आवड आहे, म्हणून यंदा तिला उन्हाळी मैदानी शिबिरात घातले. ऊन टाळावे या चांगल्या हेतूने आयोजकांनी शिबिराची वेळ दुपारी ४:३० ते ६:३० अशी ठेवली आहे. त्या वेळी मैदानाच्या पश्चिमेकडच्या इमारतीची सावली अर्ध्या धावपट्टीवर आलेली असते, त्यामुळे आम्हा पालकांनाही ती वेळ योग्यच वाटली. मात्र पहिल्या चार दिवसांत तिला तीन वेळा खोकल्याची उबळ आली. दुसरी फेरी संपता संपता ती छातीवर हात ठेवून उभी राहिली आणि "आई, श्वास पूर्ण आत जातच नाही," असे म्हणाली. त्या दिवशी वारा नव्हता, धूळ उडत नव्हती, आकाश स्वच्छ निळे होते, आणि मोबाइलवर हवा "समाधानकारक" दाखवत होती.

आमच्या डॉक्टरांनी सर्व विचारून घेतले आणि दुपारच्या ओझोनचा विचार करा, असे सुचवले. तेव्हापासून मी वाचते आहे. उद्याचे कमाल तापमान किती असेल, हे मला वर्तमानपत्रापासून दूरदर्शनपर्यंत सगळीकडे कळते, पण उद्या दुपारी ओझोन किती असेल, हे जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या माणसाने कोठे पाहायचे? आणि उष्णतेचा अंदाज व ओझोनचा अंदाज एकत्र कसा वाचायचा? जाणकारांनी कृपया लिहावे.

सातपुड्याचा_पायथा (यावल) | १२ एप्रिल, रात्री १०:०५

ताई, ओझोनचा थर सूर्याच्या घातक किरणांपासून आपले रक्षण करतो, असे आम्ही शाळेत शिकलो. मग तोच वायू मुलीला त्रासदायक कसा ठरेल?

रसायन_शिक्षक (शहादा) | १२ एप्रिल, रात्री ११:२०

यावलच्या भाऊंचा प्रश्न अगदी रास्त आहे, कारण पाठ्यपुस्तकातला ओझोन आणि मैदानावरचा ओझोन हा एकच वायू आहे. फरक केवळ जागेचा आहे. रक्षण करणारा थर साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर असतो. जमिनीलगतचा ओझोन मात्र थेट आपल्या श्वासात येतो, आणि तीव्र ऑक्सिडीकारक असल्यामुळे श्वासनलिकांच्या आतल्या नाजूक अस्तराचा दाह करतो.

हा वायू कोणत्याही धुराड्यातून थेट बाहेर पडत नाही, हे त्याचे वैशिष्ट्य. वाहनांची इंजिने, कोळशावर चालणारी वीज केंद्रे, डिझेलचे जनित्र आणि शेतात जाळलेला काडीकचरा यांतून नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर पडतात. पेट्रोलची वाफ, रंगातील द्रावके आणि अर्धवट जळालेले इंधन यांतून बाष्पनशील सेंद्रिय संयुगे येतात, आणि काही झाडेही तापमान वाढले की अशी संयुगे अधिक सोडतात. या दोहोंवर कडक ऊन पडले म्हणजे हवेतच ओझोन तयार होऊ लागतो. नायट्रोजन डायऑक्साइडचा रेणू सूर्यप्रकाशाने फुटतो, सुटलेला ऑक्सिजनचा अणू हवेतल्या ऑक्सिजनशी जोडला जातो, आणि ओझोन बनतो. लॉस एंजेलिस शहरावर १९४०च्या दशकात डोळे चुरचुरवणारे धुके पसरू लागले, तेव्हा हे रसायन १९५०च्या सुमारास हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने उलगडून दाखवले.

ताईंच्या मैदानाशी याचा संबंध असा, की ओझोन उन्हाबरोबर साचत जातो आणि दुपारी १ ते ४ च्या सुमारास शिगेला पोहोचतो, पण सावली आली म्हणून तो लगेच जात नाही. ४:३० वाजता तो बहुधा उतरणीला लागलेला असतो, इतकेच. सूर्य मावळला की त्याची निर्मिती थांबते, आणि वाहनांच्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड उरलेला ओझोन खाऊन टाकतो. म्हणून मैदानी प्रदेशात त्याचे प्रमाण पहाटे सर्वांत कमी असते. ऊन टाळण्यासाठी निवडलेली सावलीची वेळ ओझोनच्या दृष्टीने वाईट असू शकते, ती यामुळेच.

केळीबाग (रावेर) | १३ एप्रिल, सकाळी ६:१०

सर, माहिती उत्तम आहे, तरीही मी माझा मतभेद स्पष्ट नोंदवतो. आमच्याकडे माणसाला आडवे करते ते ऊन, ओझोन नव्हे. एप्रिल-मे महिन्यांत केळीची बाग पश्चिमेकडून येणाऱ्या झळांनी करपते, कापणीला आलेले घड सटकतात, आणि ते वाचवण्यासाठी भर दुपारी पाण्याच्या पाळ्या द्याव्या लागतात. आम्ही बांधाला शेवरी आणि गजराज गवत लावतो, घडाला वाळक्या पानांची पेंढी बांधतो. मजुराच्या डोक्याला मात्र एक ओला रुमाल असतो. अशा परिस्थितीत उष्णतेचाच इशारा गावापर्यंत धड पोहोचत नसताना लोकांपुढे आणखी एक नवा आकडा ठेवल्याने गोंधळ वाढेल, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

निवृत्त_निरीक्षक (भुसावळ) | १३ एप्रिल, सकाळी १०:४५

मी वेधशाळेत बरीच वर्षे नोंदी घेतल्या, म्हणून रावेरच्या आप्पांच्या मुद्द्याला जोडून लिहितो. उष्णतेचा जो आकडा आपल्याला रोज मिळतो, तो कसा येतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. झडपांच्या दुहेरी भिंती असलेली पांढरी लाकडी पेटी जमिनीपासून साधारण छातीच्या उंचीवर उभी असते. तिचे दार उत्तरेकडे उघडते, म्हणजे वाचन घेताना सूर्यकिरण तापमापीवर पडत नाहीत. आत कमाल तापमापी जवळजवळ आडवी ठेवलेली असते. तिच्या नळीला एके ठिकाणी आवळलेली मान असते, त्यामुळे वर चढलेला पारा आपोआप खाली येत नाही. सकाळी ८:३० आणि सायंकाळी ५:३० वाजता मी मान वाकवून तो आकडा वाचत असे, आणि नंतर तापमापी हातात घट्ट धरून झटका देऊन पारा खाली उतरवत असे. तात्पर्य, छापून येणारे ४३ अंश हे सावलीतले, वारा खेळणाऱ्या पेटीतले असतात. डांबरी रस्त्यावर किंवा केळीच्या बांधावर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर याहून बरेच अधिक ऊन येते.

दुसरी गोष्ट उष्णतेच्या लाटेच्या व्याख्येची. भारतीय हवामान विभागाच्या निकषांनुसार मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश असावे लागते, आणि ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी अधिक असेल तर लाट, त्याहून अधिक असेल तर तीव्र लाट धरतात. प्रत्यक्ष तापमान ४५ झाले तर सरासरी न पाहताही लाट, आणि ४७ झाले तर तीव्र लाट. आता मे महिन्यात जेथे सरासरीच ४२ च्या घरात असते, तेथे ४४ अंशांचा दिवस या व्याख्येत बसत नाही. शिवाय लाट जाहीर होण्यासाठी हवामान उपविभागात किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस ही स्थिती लागते, आणि आपला खानदेश मध्य महाराष्ट्र या मोठ्या उपविभागात मोडतो. "लाट नाही" याचा अर्थ "त्रास नाही" असा आपल्याकडे कधीच घेऊ नये. ज्या रात्री पारा उतरतच नाही, त्या रात्रीही तितकेच लक्ष द्यावे, कारण शरीराला सावरायला जी वेळ मिळायची तीच मिळत नाही.

पांझरा (धुळे) | १३ एप्रिल, दुपारी १२:३०

काका, ताईंच्या मोबाइलवर हवा "समाधानकारक" होती, याचा उलगडा कोणी करेल का? तो आकडा खोटा होता का?

आकडेमोड (धुळे, सध्या पुणे) | १३ एप्रिल, सायंकाळी ७:१५

आकडा खोटा असेलच असे नाही. तो वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देत असावा. राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांक २०१५ पासून दिला जातो आणि त्यात ओझोनसह आठ प्रदूषके धरलेली आहेत. प्रत्येकाचा उपनिर्देशांक काढून त्यांतला सर्वांत मोठा हाच शहराचा निर्देशांक ठरतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे दैनिक पत्रक दुपारी ४ वाजता मागच्या २४ तासांवरून निघते. म्हणजे ते काल काय झाले ते सांगते; उद्याची दुपार त्यात नसते. जळगाव राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या शहरांच्या यादीत आहे, आणि तो कार्यक्रम मुख्यतः धूलिकणांवर बेतलेला आहे. आपल्याकडे धूलिकणांचा उपनिर्देशांक बहुधा वरचढ असतो, त्यामुळे त्याच्या आड दुपारचा ओझोन दिसतच नाही. एखाद्या दिवशी वारा पडून धूळ बसते, निर्देशांक उतरतो, आणि नेमक्या त्याच शांत, स्वच्छ, कडक उन्हाच्या दुपारी ओझोन साचतो. ताईंचे वर्णन वाचताना मला हेच आठवले.

येथे एक गैरसमज दूर करणे मला आवश्यक वाटते. सर्वांत तापलेला दिवस हाच सर्वाधिक ओझोनचा दिवस, असे समीकरण नाही. मे महिन्यात ४४ अंश असले तरी जोराचा वारा सुटला तर सगळे पांगते, आणि दुपारी अवकाळीचे ढग आले तर प्रकाशच कमी पडतो. उलट एप्रिलमधला ४० अंशांचा निर्वात, निरभ्र दिवस अधिक वाईट ठरू शकतो. म्हणून केवळ तापमान पाहून ओझोन ओळखता येत नाही; तापमान, वारा, ढग आणि आदल्या दिवशी मोजलेला ओझोन ही चार माहिती एकत्र लागते. पूर्वानुमानाची साधी पद्धत याच चार गोष्टींवर उभी असते, आणि मोठ्या पद्धतीत वातावरणाचे गणित व रसायन संगणकावर एकत्र चालवतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 'सफर' ही प्रणाली २०१० मध्ये दिल्लीत सुरू केली, नंतर पुणे, मुंबई आणि अहमदाबाद येथे आणली. तिच्यात ओझोनचाही पुढचा अंदाज असतो. खानदेशात तशी सेवा हवी, अशी माझी ठाम मागणी आहे.

तोपर्यंत युरोपच्या 'कोपर्निकस' सेवेचा पाच दिवसांचा जागतिक अंदाज काही हवामान संकेतस्थळांवर पाहता येतो. त्याची एक चौकट सुमारे ४० किलोमीटरची आहे, म्हणजे जळगाव आणि भुसावळ त्याला जवळपास एकच दिसतात. त्यावरून "उद्या आजपेक्षा वाढेल की घटेल" इतकेच पाहावे. अमुक चौकात अमुक आकडा, असे समजू नये.

धुळेकर_डलास | १४ एप्रिल, सकाळी ७:५०

मी धुळ्याचा, पण गेली काही वर्षे टेक्सासमध्ये राहतो. येथे उन्हाळा जवळजवळ आपल्यासारखाच तापतो, आणि ओझोनचा अंदाज आदल्या दिवशीच जाहीर होतो. प्रमाण वाढणार असेल तर "ओझोन कृती दिन" घोषित होतो, तो महामार्गावरच्या विजेच्या फलकांवरही झळकतो, आणि लोकांना शक्य तर वाहन कमी वापरा, पेट्रोल सूर्यास्तानंतर भरा, असे सांगितले जाते. यातले मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की सूचना दोन प्रकारची असते: एक स्वतःला जपण्याची आणि दुसरी ओझोन वाढू न देण्याची. उष्णतेच्या बाबतीत माणूस स्वतःला जपू शकतो, पण दुपारचा पारा उतरवू शकत नाही. ओझोनच्या बाबतीत मात्र गावाच्या हाती थोडे तरी असते.

एक सावधगिरी सांगतो. मोबाइलवरची काही ॲप अमेरिकी मोजपट्टी वापरतात. येथील आठ तासांची मर्यादा ७० पीपीबी, म्हणजे घनमीटरला सुमारे १४० मायक्रोग्रॅम आहे, तर भारताची आठ तासांची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम आहे. त्यामुळे एकच हवा दोन पट्ट्यांवर वेगळ्या रंगात दिसू शकते. रंग पाहण्यापूर्वी पट्टी कोणाची आहे, ते पाहावे.

पांझरा (धुळे) | १४ एप्रिल, सकाळी ९:२०

मला भीती वाटते ती "लांडगा आला रे आला" याची. उन्हाळ्याचे तीन महिने रोजच इशारा दिला, तर चौथ्या दिवसापासून कोणीही तो वाचणार नाही.

आकडेमोड (धुळे, सध्या पुणे) | १४ एप्रिल, सकाळी १०:००

ही भीती योग्य आहे, आणि म्हणूनच अंदाज देणाऱ्याने स्वतःचा हिशेबही जाहीर केला पाहिजे. किती वेळा इशारा दिला आणि खरोखर वाढले, किती वेळा दिला आणि काही झाले नाही, किती वेळा दिलाच नाही आणि वाढले, हे तिन्ही आकडे हंगामाच्या शेवटी लोकांपुढे यावेत. मात्र त्यासाठी जमिनीवर मोजणी हवी. ओझोन मोजणाऱ्या यंत्रात हवेच्या नमुन्यातून अतिनील प्रकाश सोडतात आणि तो किती शोषला गेला यावरून प्रमाण काढतात; तंत्र जुने आणि भरवशाचे आहे. मोजणीच नसेल तर अंदाज चुकला की बरोबर आला, हे कोणालाच कळणार नाही.

श्वसनतज्ज्ञ (जळगाव) | १४ एप्रिल, रात्री ९:३०

वैद्यकीय बाजू मांडतो. हा सल्ला सर्वसाधारण समजावा. धावताना मूल तोंडाने खोल श्वास घेते, त्यामुळे त्याच हवेतून फुप्फुसांत जाणारा ओझोन बसलेल्या मुलापेक्षा कितीतरी अधिक असतो. खोकला, घशात खवखव, खोल श्वास घेताना छातीत दुखणे ही लक्षणे आढळतात, आणि दम्याच्या मुलांत श्वासनलिका काही तासांनंतरही आकसू शकते. कापडाचा रुमाल किंवा धूलिकण अडवणारा मास्क ओझोन अडवत नाही, कारण हा वायू आहे. नियमित औषध चालू ठेवणे आणि त्वरित आराम देणारा पंप मैदानावर जवळ असणे, हे अधिक उपयोगाचे. लक्षण ओझोनचेच आहे, असे घरी ठरवून औषधात बदल मात्र करू नये.

उष्माघात ही वेगळी आणि तातडीची बाब आहे. अंग ४० अंशांवर तापले, माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा बेशुद्ध झाला, तर त्याला सावलीत घेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ ला दूरध्वनी करावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी किंवा पन्हे घालू नये. रावेरच्या आप्पांना मी इतकेच म्हणेन, की ऊन आणि ओझोन यांत कोण मोठे, हा वाद रुग्णाच्या शरीरात चालत नाही. युरोपात २००३ च्या ऑगस्टमध्ये जी लाट आली, तिच्यात एकट्या फ्रान्समध्ये सुमारे १५,००० अधिक मृत्यू झाले, आणि त्याच दिवसांत तेथे ओझोनही चढलेला होता. दोघे हातात हात घालून येतात, म्हणून इशाराही एकाच कागदावर यावा.

अमळनेरची_सून | १५ एप्रिल, दुपारी २:२०

डॉक्टर, आमच्या घरी खिडकीत कूलर आहे. दुपारी घरात थांबा म्हणतात, पण कूलर तर बाहेरचीच हवा आत ओढतो. मग ओझोनपासून संरक्षण होते का?

रसायन_शिक्षक (शहादा) | १५ एप्रिल, सायंकाळी ६:०५

वहिनी, या प्रश्नाकडे शहरी पत्रकांचे लक्षच जात नाही. दारे-खिडक्या बंद असलेल्या घरात ओझोन भिंती, पडदे, कपडे यांवर आदळून बराच नाहीसा होतो, म्हणून "घरात थांबा" हा सल्ला दिला जातो. पण गवताच्या जाळीचा कूलर ताशी कित्येकदा घरातली हवा बदलतो आणि एक खिडकी उघडी ठेवावीच लागते. त्यामुळे उष्णतेपासून आराम मिळतो, ओझोनपासून तितका मिळत नाही. तरीही कूलर बंद करू नका. आपल्याकडे ४३ अंशांत बंद खोली हा अधिक मोठा धोका आहे. दम्याच्या माणसाने त्या वेळी शारीरिक श्रम टाळावेत, इतके पुरे. दोन सल्ले एकमेकांच्या आड येतात तेव्हा आधी उष्णतेचा पाळावा, हेही इशाऱ्यात स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे.

केळीबाग (रावेर) | १५ एप्रिल, रात्री ८:४५

डॉक्टरांचे आणि सरांचे वाचून माझे मत काहीसे बदलले, हे मोकळेपणाने लिहितो. आमची कापणी आता पहाटे ५ वाजता सुरू होते आणि १० पर्यंत गाडी भरून निघते. ती वेळ आम्ही उन्हासाठी ठरवली होती. ओझोनसाठीही तीच चांगली, हे नव्याने कळले. दुसरे असे, की कपाशीच्या पऱ्हाट्या आणि बागेतला वाळका पाला आम्ही याच दिवसांत भर दुपारी पेटवतो, कारण तेव्हा चांगले जळते. तो धूर त्याच उन्हात ओझोनला कच्चा माल पुरवतो, हे मला ठाऊक नव्हते. यंदा पऱ्हाट्यांचा भुगा करून जमिनीत घालण्याचे आम्ही चार शेतकऱ्यांनी ठरवले आहे. मात्र माझी एक अट आहे: इशारा "उद्या सावध राहा" असा मोघम नको. "उद्या १२ ते ५ जड काम नको, पाण्याची पाळी संध्याकाळी ७ नंतर" असा तासांचा उल्लेख असलेला, ग्रामपंचायतीच्या ध्वनिक्षेपकावरून वाचता येईल असा हवा.

निवृत्त_निरीक्षक (भुसावळ) | १५ एप्रिल, रात्री ९:३०

आप्पांच्या अटीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. अहमदाबादने २०१० च्या मे महिन्यातल्या भीषण उष्णतेनंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला, तेव्हा त्याचे बळ नेमके यातच होते: कोणत्या रंगाला कोणी काय करायचे, हे आधीच लिहून ठेवले होते.

तापीकाठ (जळगाव) | १८ एप्रिल, रात्री ८:१५

सर्वांचे मनापासून आभार. तुमची उत्तरे छापून मी शिबिराच्या आयोजकांकडे नेली. त्यांनी ती पूर्ण वाचली, इतर पालकांशी बोलले, आणि परवापासून शिबिर सकाळी ६ ते ७:३० केले आहे. आतापर्यंत तीन सकाळी झाल्या. मुलीला अजून उबळ आलेली नाही. तीन दिवसांवरून निष्कर्ष काढू नये, हे मी येथेच शिकले, म्हणून एक वही घातली आहे. तीत रोजचे कमाल तापमान, वारा होता की नाही, आकाश कसे होते, 'कोपर्निकस'चा आदल्या रात्रीचा अंदाज काय होता आणि तिला पंप लागला का, हे ती स्वतः लिहिते. डॉक्टरांनी ही वही पुढच्या भेटीला आणायला सांगितली आहे.

काका, घरच्या साध्या तापमापीवर नोंद घ्यायची तर ती कोठे टांगावी?

निवृत्त_निरीक्षक (भुसावळ) | १८ एप्रिल, रात्री ८:५०

उत्तरेकडच्या भिंतीपासून वीतभर पुढे, सावलीत, छातीच्या उंचीवर, आणि कूलरच्या झोतापासून दूर टांगावी. वाचन रोज ठरलेल्या वेळीच घ्यावे. मुलीला सांगा, एखादा दिवस चुकला तर तो रकाना कोरा ठेवायचा, अंदाजाने भरायचा नाही.